बेंगाल मांजर सांभाळताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या काही महिन्यांत बेंगाल मांजरांबद्दलची बरीच पत्रं साठली आहेत. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, लांब मागचे पाय, आणि दिवसभर घरभर धावपळ, अशी ही जात. ‘मोठं झालं की शांत होईल’ या भरवशावर पुष्कळजण ती घरी आणतात. ती तशी शांत होत नाही. तिची ताकद वयाबरोबर वेगळ्या वाटेनं बाहेर पडते, आणि ती वाट घरातल्यांनीच आखून द्यावी लागते. म्हणून या वेळचं सदर सगळं बेंगालसाठी.

प्रश्न: एका ब्रीडरकडे बेंगालचं अडीच महिन्यांचं पिल्लू पाहिलंय. ‘एफ३ आहे, म्हणून महाग’ असं तो सांगतो. घ्यावं का? कागद कोणते मागायचे? (कोथरूड, पुणे)

उत्तर: ‘एफ३ म्हणून महाग’ हे ऐकलं की तिथूनच परत फिरा. ही जात पाळीव मांजर आणि लेपर्ड कॅट नावाचं आशियाई रानमांजर यांच्या संकरातून झाली. अमेरिकेत जीन मिल यांनी १९६३ मध्ये असा संकर केला आणि पुढे त्यांच्याच कामातून ही जात उभी राहिली. मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ‘टिका’ या संस्थेनं १९८६ मध्ये तिची नोंद सुरू केली. एफ१ म्हणजे आई-बापांपैकी एक थेट रानमांजर, एफ२ त्याच्या पुढची पिढी, एफ३ त्याच्याही पुढची. या तीन पिढ्या पैदास करणाऱ्यांच्या कामाच्या. घरात त्या बुजऱ्या राहतात, मूत्र फवारतात, लिटर (शी-शूसाठी ट्रेमध्ये भरलेली वाळू) वापरतीलच असा भरवसा देत नाहीत. घरी पाळायचं पिल्लू चौथ्या किंवा त्यापुढच्या पिढीचं असावं. वंशावळीच्या कागदावर त्यासाठी ‘एसबीटी’ अशी खूण असते.

दुसरं असं की, लेपर्ड कॅट आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती येते. कुणी ‘आमच्याकडे रानटी बोका आहे’ असं मिरवत असेल तर त्याच्याकडून काहीही घेऊ नका.

आता कागद. आई आणि बाप दोघांच्या डीएनए चाचण्या मागा, एक पीके-डेफ आणि दुसरी पीआरए-बी. पहिल्या दोषात तांबड्या पेशी लवकर फुटतात आणि मांजराला अधूनमधून पंडुरोग (रक्तक्षय) होतो. दुसऱ्यात डोळ्याचा पडदा पिल्लूपणापासूनच झिजतो आणि साधारण दोन वर्षांच्या आत दृष्टी जाते. दोन्ही दोष आई-बाप दोघांकडून आले तरच रोग होतो. म्हणून एकजण वाहक असला तरी दुसरा स्वच्छ असेल तर पिल्लू आजारी पडत नाही, पण दोघंही वाहक असतील तर नकोच. तिसरा कागद हृदयाच्या इकोचा. बेंगालमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, त्याला या जातीत भरवशाची डीएनए चाचणी नाही, म्हणून आई-बापांचा गेल्या वर्षभरातला इको हवा. लसीच्या पुस्तिकेत बाटलीवरचे स्टिकर चिकटवलेले असावेत. नुसत्या तारखा आणि सही यांवर विसंबू नका.

पिल्लू बारा आठवड्यांच्या आधी आणू नका. दोन ते सात आठवडे हा माणसांची, आवाजांची सवय लागण्याचा काळ, आणि त्यानंतरचे काही आठवडे आई-भावंडांकडून चावा किती जोरात घ्यायचा हे शिकण्याचे. तो शिकण्याचा काळ कापला गेला की पुढचा प्रश्न उभा राहतो, तो खाली आहेच. आई बघायला मिळत नसेल तर व्यवहार करू नका.

प्रश्न: चार महिन्यांचा बोका हात-पाय सोडत नाही, पोटऱ्या ओरबाडतो. पहाटे पाचला छातीवर उडी. आम्ही दोघं नोकरी करतो. (ठाणे)

उत्तर: बोक्याला शिकार करायची आहे आणि घरात हलणारी एकच वस्तू आहे, तुमचे पाय. त्याला ओरडून, नाकावर चापट मारून, पाणी फवारून हे थांबणार नाही. उलट तो तुम्हाला टाळायला किंवा जास्त चिडून चावायला शिकेल. आजपासून हातानं खेळणं पूर्ण बंद करा, घरातल्या मुलांनाही ते सांगा. बोट वळवून ‘ये ये’ करणं म्हणजे त्याला चाव्याचं शिक्षण देणंच.

खेळ असा हवा. साधारण मीटरभर काठी, तिला दोरी, दोरीच्या टोकाला पिसं किंवा चामड्याचा तुकडा. ते सोफ्याच्या कडेनं, पडद्यामागून, सतरंजीखालून सरकवा, मांजराच्या तोंडासमोर नाचवू नका. शिकार त्याच्यापासून दूर पळते, त्याच्याकडे येत नाही. दबा, रोखलेली नजर, झडप, चावा, हा क्रम पूर्ण होऊ द्या आणि शेवटच्या दोन मिनिटांत वेग कमी करत त्याला शिकार नक्की पकडू द्या. लगेच खायला द्या. खाऊन झालं की मांजर अंग चाटतं आणि झोपतं. दिवसात असे दहा-पंधरा मिनिटांचे तीन-चार डाव लागतात. नुसता लेझरचा ठिपका वापरू नका. त्यात पकडायला काही नसतं, मांजर अस्वस्थ होतं आणि भिंतीवरच्या सावल्यांमागे लागतं. वापरलाच तर शेवट खऱ्या खेळण्यावर करा. काठी-दोरी खेळ संपला की कपाटात ठेवा, गिळलेली दोरी आतड्यात अडकली तर शस्त्रक्रिया करावी लागते.

पहाटेच्या उडीवरचा उपायही याच क्रमात आहे. मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असतं, ते बदलता येत नाही. शेवटचा डाव रात्री दहा-साडेदहाला ठेवा आणि त्या वेळी दिवसाच्या खाण्याचा चौथा भाग द्या. पहाटे पाचची वाटी तुमच्या हातून नको. वेळ लावून उघडणारा खाण्याचा डबा मिळतो, तो साडेचारला लावा. छातीवरच्या उडीला उठलात, ओरडलात, दार उघडलंत, काहीही केलंत तरी त्याला हवं ते मिळालं. दुर्लक्ष सुरू केल्यावर आठ-दहा दिवस उड्या आणि ओरडणं वाढतं. तिथेच बहुतेक घरं हार मानतात, आणि मांजर शिकतं की जास्त वेळ ओरडलं की काम होतं. तेवढे दिवस निभवा.

दिवसभर घरी कुणी नसेल तर सकाळचं कोरडं खाणं वाटीत ओतू नका. खाण्याचे दाणे छिद्र पाडलेल्या बाटलीत, अंड्यांच्या ट्रेमध्ये, जुन्या कपड्याच्या घड्यांमध्ये लपवा. एकाच वयाची दोन पिल्लं आणणं हाही चांगला उपाय आहे, पण लव्हबर्ड, मासे, हॅम्स्टर असलेल्या घरात बेंगाल आणू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: पळण्याचं चाक आणि भिंतीवरच्या फळ्या लावायच्या आहेत. मापं सांगाल का? (बाणेर, पुणे)

उत्तर: चाकाचा व्यास किमान ११० सेंटिमीटर. त्याहून लहान चाकात बेंगालची पाठ धावताना वाकते. फळी २५ ते ३० सेंटिमीटर रुंद, दोन फळ्यांमध्ये ४५-५० सेंटिमीटर अंतर, वरून एखादी सतरंजीची पट्टी, नाहीतर लॅमिनेटवर पाय घसरतात. वॉल प्लग विटेच्या भिंतीत बसवा, जिप्समच्या पार्टिशनमध्ये नाही. सहा किलोचा बोका उडी मारून आदळतो तेव्हा भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. नखं घासायचा खांब ९० सेंटिमीटर उंच आणि खालून इतका जड हवा की पूर्ण अंग ताणल्यावरही डुलणार नाही. डुलला की मांजर सोफ्याकडे जातं.

प्रश्न: अकरा महिन्यांचा बोका पडद्यावर मूत्र फवारतो. नसबंदी केलेली नाही, कारण ‘शांत होऊन लठ्ठ होईल’ असं ऐकलं. शिवाय बाल्कनीत कबुतरजाळी आहे, ती पुरेशी आहे का? (वाशी, नवी मुंबई)

उत्तर: नसबंदी याच आठवड्यात ठरवा. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास ती झाली असती तर फवारण्याची सवय लागण्याआधीच काम संपलं असतं. आता शस्त्रक्रियेनंतरही संप्रेरकं ओसरायला चार-सहा आठवडे जातात, तेवढा धीर धरा. बहुतेक बोके त्यानंतर फवारणं सोडतात. लठ्ठपणा खाण्यामुळे येतो: नसबंदीनंतर ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्शानं घटते आणि भूक वाढते, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच वाटी मोजून भरा. चपळता कमी होत नाही.

फवारणं आणि लिटरबाहेर लघवी या दोन वेगळ्या गोष्टी. फवारताना बोका उभा राहतो, शेपटी थरथरते, डाग उभ्या पृष्ठभागावर असतो. खाली बसून जमिनीवर केली तर लिटर तपासा: ट्रे मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा, लिटरचा थर ५ ते ७ सेंटिमीटर, दिवसातून दोनदा साफ. ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकानं जास्त. डाग पुसायला काळं किंवा पांढरं फिनाईल वापरू नका. मांजराचं यकृत फिनॉल नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि अमोनिया असलेलं क्लीनरही नको, तो वास त्याला पुन्हा तिथेच बोलावतो. एन्झाइमचं क्लीनर घ्या.

आणि एक धोका मनावर कोरून ठेवा. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, पण थेंबच येतोय किंवा काहीच येत नाही, तर मूत्रमार्ग अडलाय. रात्र असो की सणाचा दिवस, लगेच दवाखाना गाठा. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. ‘बद्धकोष्ठ असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

जाळीबद्दल: नायलॉनची कबुतरजाळी कबुतर बाहेर ठेवण्यासाठी असते. बेंगाल ती चावतो, तिच्यावर चढतो, आणि उन्हानं नायलॉन दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतं. अडीच-तीन सेंटिमीटर छिद्राची स्टीलची जाळी लोखंडी चौकटीत बसवून घ्या. अदृश्य ग्रिल म्हणून ज्या तारा लावतात त्यांतलं अंतर बहुधा पाच सेंटिमीटर असतं. त्यातून पिल्लू सहज जातं. चिकटपट्टीवरची मच्छरजाळी धरूच नका. मांजर बाल्कनीतून पडलं आणि खालून चालत परत आलं तरी त्याच दिवशी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढा. फुफ्फुसाला मार, फाटलेलं मूत्राशय, तुटलेला टाळू बाहेरून दिसत नाहीत.

प्रश्न: आमच्याकडे उकडलेलं चिकन आणि भात देतात. बेंगालला कच्चं मांस द्यावं असंही कुणी सांगितलं. वजन किती आणि खाणं किती? (कोल्हापूर)

उत्तर: नुसतं चिकन-भात हे पिल्लाच्या हाडांशी खेळणं आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं, आणि तीन-चार महिन्यांचं पिल्लू साध्या उडीत पाय मोडून बसतं. शिवाय टॉरिन हे मांसातलं पोषक द्रव्य मांजराला अन्नातूनच लागतं, उकळल्यावर पाण्यात निघून जातं, आणि ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा व हृदय बिघडतं. कच्च्या मांसात साल्मोनेला आणि टोक्सोप्लाझ्माचा धोका राहतो. घरी गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर कच्चं नकोच. जातीच्या नावावर रानटी आहार लागत नाही.

‘पूर्ण आहार’ असं छापलेलं, वयाला जुळणारं तयार खाणं हा पाया. कुत्र्याचं खाणं चालत नाही. दोन किलोच्या पिल्लाला दिवसाला सुमारे २९० कॅलरी लागतात, म्हणजे १०० ग्रॅमला ३९० कॅलरी असलेलं कोरडं खाणं ७५ ग्रॅम, चार-पाच वेळांत विभागून. नसबंदी झालेल्या पाच किलोच्या मोठ्या मांजराला २८० ते ३३० कॅलरी. ओल्या खाण्याची ८० ग्रॅमची दोन पाकिटं आणि ४० ग्रॅम कोरडं, एवढ्यात ते भागतं. दाणे वाटीनं नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. उकडलेलं, हाड काढलेलं, मीठ-मसाला-कांदा-लसूण नसलेलं चिकन दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागापर्यंत खाऊ म्हणून द्या. गाईचं दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही.

बोका साधारण साडेचार ते सात किलो, मांजरी साडेतीन ते पाच. आकड्यापेक्षा बरगड्या बघा: तळहातानं हलकं दाबल्यावर त्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे.

पाणी खेळणं ही बेंगालची आवडच आहे. बाथरूमची बादली उघडी ठेवू नका, वॉशिंग मशीन लावण्याआधी आत बघाच. त्यापेक्षा एका टबात पाच सेंटिमीटर पाणी आणि दोन टेबल टेनिसचे चेंडू दिलेत की त्याचा अर्धा तास छान जातो, आणि पाणीही प्यायलं जातं.

प्रश्न: पिल्लू आणल्यापासून शी पातळ, वासट, कधी रक्ताचा धागा. जंताचं औषध दोनदा झालं. (नाशिक)

उत्तर: खातंपितं, खेळतं आणि तरी शी तशीच, तर ट्रायट्रायकोमोनास फीटस हा एकपेशीय जीव शोधायला सांगा. अनेक मांजरं एकत्र असलेल्या ठिकाणांहून आलेल्या पिल्लांत तो सर्रास आढळतो, नेहमीच्या जंताच्या औषधानं मरत नाही आणि जिआर्डिया समजून चुकीचे उपचार होत राहतात. शीच्या ताज्या नमुन्याची पीसीआर तपासणी लागते. औषधाचं नाव रोनिडाझोल, पण मात्रा जास्त झाली तर मेंदूवर परिणाम होऊन तोल जातो, म्हणून पशुवैद्यानं वजनावरच ठरवलेली मात्रा द्या. पिल्लाचं वजन घटत असेल, पोट फुगत असेल तर मात्र वेगळी तपासणी करावी लागेल.

प्रश्न: पाच वर्षांची मांजरी. दिवसभर धावणारी, आता महिन्याभरापासून निवांत पडून असते. ‘वय झालं, शहाणी झाली’ असं सगळे म्हणतात. उन्हाळ्यात तोंड उघडून धापाही टाकते. (नागपूर)

उत्तर: पाच वर्षं म्हणजे ऐन उमेद. बेंगाल या वयात आपोआप निवांत होत नाही. हे उत्तर वाचल्याबरोबर उद्याची वेळ घ्या, आणि छापून येईपर्यंत तिची तब्येत आणखी बिघडली असेल तर थेट तातडीच्या दवाखान्यात न्या. कुत्रा धापा टाकतो ती त्याची गार होण्याची रीत. मांजरानं बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेणं हा उष्म्याचा झटका किंवा हृदयाचा आजार असू शकतो. आज रात्री ती झोपेत असताना छातीचे वर-खाली ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. तीसच्या पुढे सतत येत असेल तर फुफ्फुसात पाणी साचत असण्याची शंका धरा. नागपूरच्या उन्हात खोली गार ठेवणं गरजेचं आहेच, पण गारव्यानं धाप थांबली म्हणून तपासणी टाळू नका.

दवाखान्यात इको करून घ्या, नुसत्या स्टेथोस्कोपनं भागत नाही. हृदयाचा स्नायू जाड झालेल्या कित्येक मांजरांत बिघाडाचा वेगळा आवाज ऐकूच येत नाही. रक्तदाब, थायरॉइड, रक्ताची तपासणी सोबत. स्नायू जाड होण्याच्या त्याच आजारात रक्ताची गुठळी सुटून महाधमनीच्या टोकाला अडकते. मागचे दोन्ही पाय अचानक लुळे, गार आणि मांजर किंचाळतं. हे दिसलं तर मिनिटंही महत्त्वाची. आजार निघाला तर गुठळी होऊ नये म्हणून, आणि पाणी साचल्यास ते काढायला, रोजची औषधं देतात. पुष्कळ मांजरं औषधांवर बरीच वर्षं काढतात.

प्रश्न: बारा वर्षांचा बोका एकदम तरुण झाल्यासारखा पळतो, खातोही दुप्पट. मात्र रात्री हंबरतो. वजन ५.४ वरून ४.६ झालं. (हडपसर, पुणे)

उत्तर: वजन लिहून ठेवलंत हे फार चांगलं केलंत. भूक वाढली, धावपळ वाढली, वजन उतरलं, रात्री ओरडणं सुरू झालं, हे थायरॉइड वाढल्याचं चित्र आहे, आणि बेंगालच्या घरांत ते ‘अजून दम आहे’ म्हणून उशिरा ओळखलं जातं. टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक तपासा. त्याच रक्तात मूत्रपिंडाचं काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि एसडीएमए बघा, सोबत मूत्राची घनता, कारण जास्त थायरॉइड मूत्रपिंडाचा आजार झाकून ठेवतो. गोळ्या सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दोन्ही पुन्हा तपासावे लागतात. रक्तदाब मोजायला सांगाच. १६० च्या वर राहिला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं.

दहा वर्षांनंतर तपासणी दर सहा महिन्यांनी. घरी महिन्यातून एकदा वजन: तुमच्या बोक्याच्या आकाराच्या मांजरात पाव किलो घट म्हणजे कारण शोधायचं. आणि मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर यकृतात चरबी साचते, विशेषतः लठ्ठ मांजरात, म्हणून ‘उद्या खाईल’ म्हणू नका.

प्रश्न: तेरा वर्षांची मांजरी कपाटावर उडी मारत नाही, कधी लिटरच्या बाहेर करते. माणसाची दुखण्याची गोळी अर्धी देऊ का? (बडोदा)

उत्तर: नाही. पॅरासिटामॉल मांजराला अर्धंसुद्धा नको. तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहणं थांबवतात, हिरड्या तपकिरी पडतात, मांजर मरू शकतं. सांधेदुखीचं औषध पशुवैद्य मूत्रपिंड तपासून देईल.

घरात बदल करा. ट्रेच्या एका बाजूची कड सात सेंटिमीटरपर्यंत कापा, कारण आत चढताना गुडघा दुखतो म्हणून ती बाहेर बसते. फळ्यांच्या मध्ये आणखी फळ्या टाका, एका फळीवरून दुसरीवर उतरायचं अंतर २५-३० सेंटिमीटर ठेवा. पाणी आणि खाणं त्याच मजल्यावर, झोपायची जागा बाहेर दिसणाऱ्या खिडकीशी. खेळ बंद करू नका, तीन ते पाच मिनिटं, जमिनीलगत, तिनं पंजा उचलला तरी तो डाव. प्रथिनं कमी करण्याच्या सल्ल्याला मूत्रपिंडाचा अहवाल हाती असल्याशिवाय हो म्हणू नका, म्हाताऱ्या मांजराचे स्नायू लवकर झिजतात. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी बघा. घासणं कमी झाल्यानं ती वाढून पंजाच्या गादीत घुसतात.